राखलेला डाव

गैबी वस्तादाचा राग त्याच्या डाव्या गुडघ्यात राहतो, असं शिकलगार गल्लीत म्हणत. गुडघा ठणकला की वस्तादाचं तोंड सुटायचं, आणि तोंड सुटलं की तालमीतली पोरं न सांगता बैठका वाढवायची. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. वस्ताद म्हटला की तो तापट असायचाच. गोडबोल्याच्या हाताखाली कोण पैलवान झालाय? पण गैबीचा राग नुसत्या तापट माणसाचा नव्हता. तो एका माणसावरचा राग होता, आणि त्या माणसाचं घर तालमीपासून हाकेच्या अंतरावर होतं. एक तप उलटलं तरी गैबी त्या बोळात पाऊल टाकत नव्हता. बाजारात जायचं तरी लांबचा वळसा घालून लंगडत जाईल, पण सयाजी वस्तादाच्या दारावरून जाणार नाही.

हा राग कशाचा ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच आरडाओरडा वाटेल.

गैबी जन्मला शिकलगाराच्या घरी. बापजादे तलवारींना धार लावायचे. तलवारी भिंतीवर गेल्या तशी विळ्याकोयत्यांवर गुजराण सुरू झाली. पण पोरगं धारेच्या चाकापाशी टिकेना. त्या काळात कोल्हापुरात पोरांना एकच वेड होतं, आणि ते वेड थेट राजवाड्यातून खाली उतरलेलं होतं. महाराज कुस्तीचे शौकीन. पेठेपेठेला तालीम, प्रत्येक तालमीत लाल मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती आणि पलीकडच्या खोलीत पिराचा पंजा. तिथं जात विचारली जायची नाही, वजन विचारलं जायचं. सयाजी वस्तादानं गैबीला हेरला, हाताला गंडा बांधला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. सयाजीची बायको बाळाबाई त्याच्यासाठी स्वतः बदाम वाटायची. बघता बघता गैबीला दरबाराचा खुराक सुरू झाला. दूध, तूप, मटण, वर्षाला नवा लंगोट आणि फेटा. काम एकच, लढायचं आणि जिंकायचं. कुरुंदवाडच्या मैदानात त्यानं असा काही धोबीपछाड मारला होता की तिकडची म्हातारी माणसं अजून ती जागा दाखवतात.

मग पंजाबातून जल्लू आला.

जल्लू दिसायला काही भव्य नव्हता. पण त्यानं गैबीला खाली घेतलं, पालथा धरला, आणि असं काही केलं जे कोल्हापुरानं आजवर पाहिलं नव्हतं. आपली नडगी त्यानं गैबीच्या गुडघ्यामागच्या लवणीत आडवी घातली, दाराला अडसर घालतात तशी, आणि पाऊल धरून पाय तिच्यावर दुमडत आणला. पायाची शीर न् शीर पेटली. आता गैबीपुढं दोनच वाटा होत्या. उलटून पाठीवर पडायचं आणि हरायचं, नाहीतर पाय ओढून काढायचा. पाठ मातीला लावायची नाही हे सयाजीनं त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गैबीनं पाय ओढला. गुडघा मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेतल्या माणसांनी ऐकला. त्यांतले कित्येकजण पुढं आयुष्यभर तो आवाज तोंडानं काढून दाखवत राहिले, इतकी कोल्हापूरची माणसं प्रेमळ.

त्या डावाला गावानं 'अडसर' असं नाव ठेवून टाकलं, आणि त्याच संध्याकाळी पेठांतून बोलणं सुरू झालं. सयाजी वस्तादासारख्या जुन्या खोडाला अडसराची तोड ठाऊक नसेल, हे होणंच नाही. ठाऊक होती, पण त्यानं राखली. यात कुणी सयाजीला दोष देत नव्हतं, हे ध्यानात घ्या. वस्तादानं पठ्ठ्याला सगळे डाव शिकवायचे आणि एक राखून ठेवायचा, ही रीतच होती. उद्या पठ्ठा शिरजोर झाला तर त्याला जागेवर आणायला वस्तादापाशी काहीतरी हवं. तेव्हा लोक चुकचुकत होते ते गैबीच्या पायासाठी, आणि माना डोलावत होते त्या सयाजीच्या मुरब्बीपणासाठी.

सयाजी खाटेपाशी येऊन बसला तेव्हा गैबीच्या पायाला फळ्या बांधलेल्या होत्या.

"वस्ताद," गैबी म्हणाला, "लोक बोलत्यात ते खरं हाय? तुमाला तोड ठावं हुती?"

सयाजीनं मान खाली घातली. मग म्हणाला, "वस्तादाला एक डाव राखावा लागतो, गैब्या."

गैबीनं हातातला गंडा दातानं तोडला आणि त्याच्या अंगावर फेकला. "चालते व्हा," एवढंच तो बोलला. त्यानंतर एक तप दोघं भेटले नाहीत.

पाय बरा झाला, म्हणजे उभं राहता येऊ लागलं. गुडघा पुरता वाकेना आणि पुरता सरळही होईना. दरबाराचा खुराक थांबला, मैदानं थांबली. ज्या वयात माणूस नावारूपाला येतो त्या वयात गैबी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची पायचाल बघत होता. पुढं गल्लीतल्या जाणत्यांनी ओस पडलेली तालीम त्याच्या हाती दिली. त्यानं माती उकरली, चाळली, ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळली, आणि पहिल्याच दिवशी हौद्यात उभा राहून सांगितलं, "ह्या तालमीत काय बी राखलं जाणार न्हाय. मला येतं ते समदं तुमाला येईल. जो वस्ताद राखतो तो चोर." हे शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं होतं, हाकेच्या अंतरावर ऐकू जाईल इतकं.

आणि त्यानं ते पाळलं. म्हणून तर कळंब्याचा हंबीरराव त्याच्याकडे आला. शेतकऱ्याचा एकुलता एक पोर, उंचापुरा, कष्टाला चिवट आणि बोलायला सरळ. त्याची विधवा आई त्याला पोचवायला आली तेव्हा नजीराचा, म्हणजे गैबीच्या बायकोचा, हात धरून म्हणाली होती, "बाई, दोन पायांनी धाडतीया, दोन पायांनी परत द्या." गैबीच्या चालण्याकडे बघूनच ती बोलली असणार. गैबीनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

हंबीरराव वाढला. खासबागेचं नवं मैदान झालं होतं. कुठूनही बघा, हौदा दिसणारच, अशी त्याची बांधणी. तिथं त्याच्या दोन-तीन कुस्त्या गाजल्या आणि एके दिवशी जोड ठरल्याची बातमी आली. पंजाबातून फत्ता नावाचा मल्ल येणार, हंबीररावाशी लढणार. फत्ता हा जल्लूचा पठ्ठा होता, आणि सगळ्या कुस्त्या तो अडसरावरच मारत होता. मिरजेच्या मैदानात त्यानं एकाला कायमचा घरी बसवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहनत आटोपली तेव्हा हंबीरराव सगळ्यांदेखत पुढं आला. अंगावरची माती निथळत होती.

"वस्ताद, आता अडसराची तोड दावा की."

गैबीनं हौद्याभोवती बसलेल्या पोरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत शंका नव्हती, उलट कौतुक होतं. आता वस्ताद पोतडीतून काय काढतो म्हणून सगळी मान पुढं करून बसलेली. आणि गैबीच्या पोतडीत काही नव्हतं. तो डाव त्याच्यावर एकदाच पडला होता, आणि त्यानंतर त्याचा विचार मनात आला की राग यायचा, आणि राग आला की डाव दिसायचाच नाही, सयाजीचं खाली घातलेलं तोंड दिसायचं. इतकी वर्षं त्यानं डावाचा विचार केलाच नव्हता. नुसता राग केला होता.

"यळ आली की सांगीन," तो खेकसला. "आदी दम वाढीव. चार हात झालं की धापा टाकतुयास."

हंबीरराव मान हलवून बाजूला झाला. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "राखलाय वस्तादानं. ऐन वक्ताला काढणार बग." गैबीनं ते ऐकलं. ओरडून खोडून काढायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायला बरं वाटलं होतं.

घरी नजीरानं ताट वाढलं. तिच्यापासून काही लपत नसे. रोज रात्री तेल लावून तिनं तो गुडघा इतकी वर्षं चोळला होता, त्यातला कुठला सांधा खोटं बोलतो ते तिला माहीत होतं.

"हंबीररावाला तोड दावलीसा?"

"दावीन."

"तुमाला येती?"

गैबीनं घास खाली ठेवला. "त्या चोराला येती. सयाजीला."

"मग जावा की त्याच्याकडं."

"मेलो तरी जाणार न्हाय."

"तुमी मरू नगा," नजीरा म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "तुमचं काय मोडायचं हुतं ते मोडलंय. त्या पोराचं सांगा. त्याच्या आईला काय सांगू मी? तुमचा राग लई मोठा हुता म्हनून तुमच्या पोराला लंगडं केलं, असं सांगू? जावा, पाय धरा, न्हायतर नरडं धरा, पर घिऊन या."

गैबी ताटावरून उठला. बायकोवर संतापावं तर ती बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून तो सगळा संताप त्यानं वाटेवर काढला. भर दुपारी, ज्या बोळात पाऊल टाकायचं नाही म्हणून एक तप वळसे घातले, त्या बोळात तो काठी आपटत शिरला.

सयाजी सोप्यात घोंगडीवर बसला होता. केवढा पहाडासारखा माणूस, आता खांद्यांची हाडं वर आलेली, छातीत खोकल्याची खरखर. बाळाबाई जात्यापाशी होती. गैबीला दारात बघून तिचा हात जात्यावर तसाच थांबला.

"गैबी? लेकरा, तू..."

"काकी, तुमच्याशी माजं कायबी वाकडं न्हाय. ह्यांच्याशी हाय." गैबी बसला नाही. "वस्ताद, जल्लूचा पठ्ठा येतुया. माज्या पोराची जोड हाय. तुमी राखलेली तोड मला द्या. मला दिली न्हाईसा तवा माजा पाय गेला. आता त्या पोराचा जाऊ नये, म्हनून आलोय. न्हायतर तुमच्या उंबऱ्यावर थुकलो नसतो."

सयाजी खाली बघत राहिला, अगदी तेव्हासारखाच.

"बोला की! अजून राखतायसा? कुनासाठी? कबरंत नेणार हाय काय तो डाव?"

"जा, गैब्या."

शेजारी पाण्याचा तांब्या होता. गैबीनं काठीचा असा फटका मारला की तांब्या समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. "जात न्हाय! घिऊन जाणार. तुमच्या तोंडातनं काढून घिऊन जाणार."

"आरं, राखायला हाय काय माज्याजवळ!" म्हातारा किंचाळला, आणि किंचाळण्यानं त्याला खोकला आला. खोकत खोकतच तो बोलत राहिला. "मला ठावं नव्हती तोड. त्या दिशी बी नव्हती, आज बी न्हाय. अडसर मी बी पयल्यांदाच बगितला. तू पाय वडलास, आन् मी बगत हुतो, की हेनं आता काय करायचं, आन् मला कळत न्हवतं. ऐकलंस? आता जा."

जात्यापाशी बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. तिला हे ठाऊक होतं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसलं.

गैबीनं काठी जमिनीत रोवली.

"मग मला असं का सांगितलंसा? राखला म्हून का सांगितलंसा?"

"समदं गाव म्हनत हुतं राखला म्हून. मान देऊन म्हनत हुतं. मला येत न्हाय असं बोललो असतो, तर दुसऱ्या दिशी तालमीत एक पोर उरलं नसतं. दरबारात बी कुनी उबं केलं नसतं." सयाजीनं तोंड पुसलं. "तुजा राग परवडंल असं वाटलं. लोकांचं हसू परवडलं नसतं."

यावर गैबी काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. शिकलगार गल्लीत शिव्यांची वाण कधीच नव्हती, आणि त्यानं त्या दिवशी काही शिल्लक ठेवलं नाही. शेजारच्या घरांतून बायका दारात आल्या. पण शिव्या संपल्यावर जे तो बोलला ते हळू आवाजात होतं, आणि ते बाळाबाईनं पुढं अनेकांना सांगितलं.

"येत न्हाय म्हणाला असतासा, तर आपन दोगं बसलो असतो, वस्ताद. फळ्या सुटल्या की हौद्यात बसलो असतो आन् हुडकली असती. मी तुमच्या हाताखालचा सगळ्यात चांगला पठ्ठा हुतो. आपल्याला गावली असती. पाय गेला तो जल्लूनं नेला. ही वरसं तुमी नेलीसा."

आणि तो निघाला. बोळाच्या तोंडाशी आला आणि मग त्याला स्वतःचेच शब्द आठवले. यळ आली की सांगीन. मागून कुजबुजणारा तो आवाज आठवला, आणि तो ऐकून बरं वाटलं होतं तेही आठवलं. सयाजी खोटं बोलला तेव्हा एक मोडलेला पाय तरी समोर होता. गैबीनं तर धडधाकट पोराच्या तोंडावर तेच केलं होतं. त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं काठी गटारात फेकली, आणि मग चालता येईना म्हणून शिव्या घालत परत उचलली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं मातीत उतरायच्या आधी तो हौद्यात जाऊन उभा राहिला.

"मला अडसराची तोड येत न्हाय," तो म्हणाला. "काल खोटं बोललो. मी काय बी राखलेलं न्हाय. राखायला हायच न्हाय माज्यापाशी. ज्याला येतंय असा वस्ताद पायजे त्यानं कापडं घालावी आन् जावं."

कुणी हललं नाही. मग एकजण उठला, दुसरा उठला. दोघंही बड्या घरची पोरं, हल्लीच आलेली. एकानं तर जाता जाता हसू दाबलं, आणि ते गैबीला दिसलं. आणखी काहीजण खाली मान घालून त्यांच्या मागोमाग गेले. हेच ते हसू, गैबीला वाटलं, ज्याला म्हातारा इतका भ्याला. बोचत होतं खरं. पण मरण येण्यासारखं काही नव्हतं त्यात.

हंबीरराव जागचा हलला नव्हता. तो म्हणाला, "मग आता कसं, वस्ताद?"

"आता हुडकायची." गैबीनं सदरा काढला, लंगोट कसला आणि कितीतरी वर्षांनी मातीत पालथा झोपला. "माज्यावर घाल."

"ह्या पायावर?"

"ह्याच पायावर. त्याला वाट ठावं हाय. घाल म्हंतो न्हव!"

हंबीररावानं भीत भीत नडगी घातली. गैबीनं ओरडून त्याला जोर करायला लावला. तो दिवस तसाच गेला. पाय ओढून बघितला, बाहेर वळून बघितलं, हातानं नडगी दाबून बघितली. जितकं सुटायला जावं तितकं कुलूप घट्ट. गैबी घामानं भिजला, दुखण्यानं दोनदा ओकला, आणि दर वेळी 'पुन्हा घाल' म्हणाला. नजीरा दारात येऊन उभी राहिली, आणि गरम तेल ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला ते घडलं, आणि घडलं ते अकलेनं नाही. गैबीचा तो मोडका गुडघा पुरता वाकायचा नाही हे सांगितलंच आहे. हंबीररावानं जोर केला, गुडघा एका जागी अडला, आणि असह्य कळ येऊन गैबीनं हात टेकून अंग वर उचललं, तोच त्याचा तोल गेला. अंग सावरायला पुढं पाय लागेना. तो मागं कोसळला, सरळ उताणा, आपल्याच पठ्ठ्याच्या छातीवर. आणि पाय सुटला.

दोघंही तसेच पडून राहिले. गैबीला वरचं छप्पर दिसत होतं.

"पुन्यांदा घाल," तो म्हणाला.

पुन्हा घातला, पुन्हा तो मागं पडला, पुन्हा पाय सुटला. अंग मागं आलं की त्या नडगीला जोर करायला जागाच उरत नव्हती. तोड इतकी साधी होती. ती कुणाला सुचली नव्हती, कारण ज्याला पहिल्या दिवसापासून 'पाठ टेकायची नाही' म्हणून शिकवलंय तो पैलवान जीव गेला तरी उताणा पडणार नाही. पण पाठ मातीला लागत नव्हती. ती खालच्या माणसाच्या छातीला लागत होती. धड पायाच्या पैलवानाला हे कधी कळलं नसतं.

गैबी उठून बसला आणि त्यानं दोन्ही मुठींनी माती धरली. आनंद झाला म्हणाल तर नाही. "दोन दिस," तो म्हणाला. "नुसतं दोन दिसांचं काम हुतं, हंबीरा!" आणि ती माती त्यानं समोरच्या भिंतीवर फेकून मारली.

मैदानाचं फार सांगत बसत नाही. खासबाग माणसांनी भरलं होतं. फत्तानं हंबीररावाला खाली घेतलं आणि अडसर घातला, तेव्हा सगळं मैदान उठून उभं राहिलं. हंबीररावानं एकदा गैबीकडे पाहिलं, आणि आपणहून मागं कोसळला. लोकांतून हाय उठली. उताणा पडला, गेला! पंच वाकून बघायला धावले. खांदे मातीपासून वीतभर वर होते, फत्ताच्या छातीवर. तेवढ्यात पाय निसटला, हंबीरराव वळला, आणि हबकलेल्या फत्ताला त्यानं तिथंच दाबून चीत केला. फेटे उडाले, हलग्या कडाडल्या, आणि त्या गोंगाटात गैबीच्या कानावर आरोळी आली: "राखलेला डाव काढला! सयाजी वस्तादानं राखलेला, गैबीला दिला!"

"राखलेला न्हवता!" गैबी ओरडला. "आरं, कुनी राखलेला न्हवता!" पण हलगीपुढं त्याचं कोण ऐकतो. हंबीररावाला खांद्यावर घेऊन माणसं नाचत होती. तो पोरगा वरून दोन्ही पाय झाडत होता, आणि गैबीनं ते दोन्ही पाय डोळे भरून पाहिले. मग तो गर्दी ढकलत बाहेर पडला.

सयाजीच्या सोप्यात माणसं बसायला जागा नव्हती. बातमी त्याच्याआधी पोचली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला कुणीतरी फेटा बांधला होता, समोर पेढ्यांची परडी होती. पेठेतला एक प्रतिष्ठित म्हणत होता, "एक तप राखला आन् ऐन वक्ताला पठ्ठ्याला दिला. ह्याला म्हंत्यात वस्ताद!" आणि सयाजी खाली बघत होता. तसाच. नाही म्हणत नव्हता.

बाळाबाईनं गैबीला पाहिलं आणि ती भिंतीला टेकली.

गैबी मैदानातून तसाच आला होता, हौद्यातून उडालेल्या मातीनं अंगभर माखलेला. तो माणसांतून वाट काढत गेला, म्हाताऱ्याच्या मागं घोंगडीवर बसला आणि त्यानं सयाजीचा डावा पाय धरला.

"गैब्या, काय करतुयास?"

गैबीनं नडगी त्याच्या गुडघ्यामागं आडवी घातली. जोर केला नाही, नुसता अडसर घातला.

"सोडवा, वस्ताद," तो म्हणाला. "तुमी राखलेला डाव हाय न्हव? समदी बसल्यात. दावा की त्यास्नी."

सयाजीनं पाय हलवला. ओढून पाहिला. माणसं बघत होती, आधी हसऱ्या चेहऱ्यानं, मग नुसती बघत होती. फेटा एका कानावर घसरला.

"सोडवा!"

"मला येत न्हाय," सयाजी म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना तो ऐकू गेला नाही.

"मोठ्यानं."

"येत न्हाय! मला ही तोड कवाच येत न्हवती!" म्हातारा ओरडला. "मी राखला न्हवता. खोटं बोललो. ह्यानं हुडकली, ह्यानं!"

कुणी हसलं नाही. ज्या हसण्यापायी एवढं सगळं झालं, ते आलंच नाही. पेठेतला प्रतिष्ठित खाली बघू लागला, एवढंच.

"आता मागं पडा," गैबी म्हणाला.

"आं?"

"पाय सोडून द्या. मागं पडा, माज्या अंगावर. पाठ टेकंल म्हून भिऊ नगा."

सयाजी क्षणभर तसाच ताठ राहिला. मग त्या म्हाताऱ्या अंगातला सगळा ताठा गेला आणि तो मागं आला, गैबीच्या छातीवर. अडसर आपोआप सुटला. छातीवर ते हाडांचं ओझं धरून गैबी बसून राहिला. खोकल्याची खरखर त्याला स्वतःच्या बरगड्यांत जाणवत होती.

"येवढंच हुतं?" सयाजीनं विचारलं.

"येवढंच."

म्हातारा रडू लागला. गैबीनं त्याला ढकललं नाही, आणि त्याच्या पाया पडायलाही तो वाकला नाही. राग गेला नव्हता. तो गुडघ्यात होता आणि जन्मभर तिथंच राहणार होता. थोड्या वेळानं त्यानं म्हाताऱ्याला उचलून नीट भिंतीशी बसवलं, घसरलेला फेटा काढून बाळाबाईच्या हातात दिला.

"काकी, उद्या पहाटं ह्यांना तालमीत आणा," तो म्हणाला. "माज्या पोरांना 'येत न्हवतं' हे ह्यांच्या तोंडानं ऐकायचं हाय."